लाळग्रंथीच्या साध्या गाठीत कूर्चा कुठून आली?

लाळग्रंथीत सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा. ती कर्करोगाची नसते. तिच्या स्लाइडवर एका जागी दोन थरांच्या पेशींनी वेढलेल्या बारीक नलिका दिसतात. स्लाइड जरा सरकवली की फिकट निळ्या, बुळबुळीत द्रव्यात विखुरलेल्या पेशी, आणि कुठे कुठे चक्क कूर्चा, म्हणजे कानात-नाकात असते तसली लवचीक ऊती! लाळ बनवणाऱ्या ग्रंथीत कूर्चा आलीच कशी, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना झुलवत ठेवलं. ऊती दोन म्हणजे मूळही दोन, असं धरून तिला 'मिश्र गाठ' म्हणत. 1948 मध्ये विकृतिशास्त्रज्ञ रूपर्ट विलिस यांनी आजचं नाव सुचवलं. गाठ ग्रंथीच्या पेशींचीच, तिची रूपं मात्र अनेक, हा त्यामागचा विचार.

कोडं सुटत गेलं ते मायोएपिथेलियल पेशींमुळे. निरोगी ग्रंथीत त्या आकुंचन पावून लाळ पुढे ढकलतात. या गाठीत त्याच पेशी नलिकांपासून सुटून भोवतालचं द्रव्य आणि कूर्चाही तयार करतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आणि पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (प्रतिपिंडांनी पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखण्याच्या तंत्राने) याला बळ दिलं. 1997 मध्ये आठव्या गुणसूत्रावरचा पीएलएजी1 जनुक सापडला. अनेक गाठींत तो जागा बदलून अवाजवी सक्रिय झालेला असतो.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा गाठीच्या वेष्टनाचा आहे. पूर्वी शल्यविशारद वेष्टन उघडून आतली गाठ तेवढी सोलून काढत. काही वर्षांनी त्याच जागी एक नव्हे, अनेक गाठी उगवत. सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं: वेष्टन कुठे पातळ, कुठे नाहीच, आणि गाठीचे बारीक कोंब त्याबाहेर शिरलेले. म्हणून आता चेहऱ्याची नस (मज्जातंतू) जपून गाठीभोवतालची ग्रंथीही काढतात.

लाळग्रंथीचीच दुसरी साधी गाठ, वॉर्थिन गाठ, दिसायला अगदी वेगळी. हिल्डेब्रांड यांनी 1895 मध्ये तिचं वर्णन केलं, पण नाव राहिलं 1929 मध्ये दोन रुग्णांची नोंद करणाऱ्या आल्ड्रेड वॉर्थिन यांचं. गुलाबी, कणीदार पेशींच्या दोन रांगा आणि खाली दाट लसिका ऊती (लसिकापेशींची, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची ऊती), इतकं ठळक चित्र की एकदा पाहिलं की ओळख विसरत नाही. ते कण म्हणजे पेशीत ठासून भरलेले मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक. धूम्रपानाशी तिचा संबंध पक्का आहे.

बेसल सेल अ‍ॅडिनोमा ही आणखी एक साधी गाठ 1967 मध्ये क्लाइनझासर आणि क्लाइन यांनी वेगळा प्रकार म्हणून ओळखली. त्यात कूर्चा नसते.