एसएसडीचं केसिंग: डबीत साठलेली पंचवीस वर्षं

जळगावात किंवा धुळ्यात कॉम्प्युटरच्या दुकानात एसएसडीचं केसिंग, म्हणजे चिपवर डेटा साठवणारा हा ड्राइव्ह यूएसबीने बाहेरून जोडायची डबी, मागितलं की समोरून पहिला प्रश्न येतो, “साटा का एनव्हीएमई?” गिऱ्हाईक इथेच अडखळतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. गेल्या पंचवीस वर्षांत ड्राइव्हचा आकार, त्याची भाषा आणि यूएसबीची नावं वेगवेगळ्या वेळी बदलत गेली. जुन्यातलं बरंचसं अजूनही विक्रीला आहे.

केसिंग ही नुसती डबी नव्हे. ड्राइव्ह साटाची (जुनी, हळू) किंवा पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या एनव्हीएमईची (नवी, वेगवान) भाषा बोलतो, पोर्ट यूएसबीची. मधला दुभाषा म्हणजे ब्रिज चिप. वेग किती मिळेल, डबी किती तापेल, ड्राइव्ह मधेच सुटेल का, हे बरंचसं तिच्यावर ठरतं.

२००० साली यूएसबी २.० आलं तेव्हा वेग होता सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबी. पोर्ट द्यायचा ५०० मिलिअँपिअर, तर लॅपटॉपची अडीच इंची हार्डडिस्क फिरायला लागताना एक अँपिअरच्या आसपास मागायची. त्या काळच्या केसिंगसोबत दोन तोंडांची केबल यायची ती यासाठीच. २००८ च्या यूएसबी ३.० ने वेग ५ गिगाबिटवर नेला आणि करंट ९०० मिलिअँपिअरवर. त्याच सुमारास ड्राइव्हला यूएसबीवरून आज्ञा पाठवण्याची यूएएसपी ही नवी पद्धतही आली. जुन्या पद्धतीत एक आज्ञा पुरी झाल्याशिवाय दुसरी जात नसे. यूएएसपीत आज्ञांची रांग लागते. हजारो छोट्या फोटोंची कॉपी करताना हा फरक चांगलाच जाणवतो. केसिंगला यूएएसपी आहे का ते विंडोजमध्ये तपासता येतं: ते जोडून डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘स्टोरेज कंट्रोलर्स’खाली ‘यूएसबी अटॅच्ड स्कझी’ दिसलं की आहे.

नावांचा घोळ २०१३ पासूनचा. यूएसबी ३.१ आलं तेव्हा जुन्या ३.० लाच ‘३.१ जेन १’ म्हटलं गेलं, २०१७ मध्ये त्याचंच ‘३.२ जेन १’ झालं. म्हणून खोक्यावरचा ‘३.२’ हा आकडा काहीच सांगत नाही. ५, १०, २० का ४० गिगाबिट, एवढंच वाचावं. टाइप-सीचंही तसंच: तो खोबणीचा आकार आहे, वेग नव्हे. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या बहुतेक टाइप-सी केबलींत डेटासाठी यूएसबी २.० च्याच तारा असतात. नवं केसिंग ४० एमबीवर अडकलं तर आधी केबल बदला.

आता दुकानदाराचा प्रश्न. साटा एसएसडी आधी अडीच इंची हार्डडिस्कच्याच आकारात आली, जाडी बहुधा ७ मिलिमीटर. नंतर एम.२ ही पट्टी आली. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. पण एम.२ हाही आकारच. त्याच पट्टीत साटाही येतं आणि एनव्हीएमईही. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ ची, मात्र ते यूएसबीवर आणणाऱ्या १० गिगाबिटच्या चिप २०१८ च्या सुमारास केसिंगमध्ये दिसू लागल्या. जेमायक्रॉनची जेएमएस ५८३ त्यांतली सुरुवातीची. रिअलटेकची आरटीएल ९२१० बी दोन्ही भाषा जाणते. लॅपटॉपमधून काढलेली पट्टी कुठली आहे हे कळत नसेल, तर अशा चिपचंच केसिंग घ्यावं. पट्टीच्या टोकाला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा. एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. खात्री लेबल वाचूनच करावी, कारण अपवाद आहेत. फक्त एनव्हीएमईच्या केसिंगमध्ये साटा पट्टी व्यवस्थित बसते, दिवाही लागतो आणि कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही. कोरी एसएसडीही ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही, पण तिथे बिघाड नसतो: डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवण्याची आजची पद्धत) निवडावं आणि फॉरमॅट करावं.

वेगाच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे. लग्नाच्या शूटिंगचं किंवा अहिराणी गाण्याच्या व्हिडिओचं फुटेज वाहायला १० गिगाबिट पुरे. सेकंदाला सुमारे १००० एमबी मिळतात. २० गिगाबिटचे पोर्ट कमी कॉम्प्युटरवर असतात, ते नसले तर तेच केसिंग १० वर उतरतं. साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या पुढे जात नाही, तिला ५ गिगाबिटचं साधं केसिंगही चालतं.

खानदेशात खरी परीक्षा मे महिन्यात. घरगुती वापराच्या एसएसडीला साधारण ७० अंशांपर्यंत चालण्याची हमी असते. खोली २५ अंशांवर असेल तर मधे ४५ अंशांची जागा उरते. भुसावळात पारा ४५ वर गेला की उरतात २५. एनव्हीएमई पट्टी लिहिताना चार-पाच वॉट सहज खाते, ब्रिज चिपची उष्णता वेगळी. प्लॅस्टिकच्या डबीत ती कोंडते आणि ड्राइव्ह स्वतःला वाचवायला वेग पाडतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचंच केसिंग घ्यावं, आतला थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारा मऊ तुकडा) पट्टीच्या कंट्रोलरला, म्हणजे मुख्य चिपला, आणि झाकणाला दोन्हीकडे टेकलेला हवा. पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढायची राहून जाते, तीही बघावी. पॅड पातळ असेल तर टेकत नाही, फार जाड असेल तर झाकण आवळताना पट्टी वाकते. काम चालू असताना डबी गादीवर किंवा लॅपटॉपच्या गरम झोताशी नको. शहाबादी फरशीवर ठेवली तरी ती कमी तापते. पंख्याचं केसिंग मात्र इकडच्या धुळीत आम्ही सुचवत नाही.

चाचणी दुकानाच्या एसीत न करता घरी, दुपारी तीनला करावी. ५० जीबीची एकच फाइल कॉपी करा आणि वेगाचा आलेख बघा. दर वेळी ठरावीक जीबीनंतरच वेग पडत असेल तर ती एसएसडीची कॅश, म्हणजे आतली वेगवान तात्पुरती जागा, भरली. केसिंगचा दोष नाही. डबीला हात लावता येत नसेल आणि गार झाल्यावर वेग परत येत असेल, तर स्क्रू काढून पॅड पुन्हा बसवा.