कॅम्पर हातात राहत नाही? पार्ट बदलण्याआधी हे वाचा

आमच्या वर्कशॉपमध्ये कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी) घेऊन येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते : "गाडी हातात राहत नाही." एक्स्प्रेसवेवर बाजूने मोठी बस गेली की गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि लगेच आत ओढली जाते. चाळकेवाडीच्या पठारावर आडवा वारा लागला की स्टीअरिंग सतत सावरत बसावं लागतं. घाटात प्रत्येक वळणावर कपाटातली भांडी एका अंगाला जातात. दोनशे किलोमीटरनंतर चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि सहलीचा पहिला दिवस झोपण्यात जातो.

पुढचं वाक्यही बहुधा ठरलेलं असतं : "शॉकअप बदलून टाका." शॉकअप खराब असतील तर बदलायलाच हवेत. पण तुमचे पैसे खर्च होण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते तुम्हाला कळावं, म्हणून हे पत्रक.

आधी वजनकाटा

ट्रॅव्हलरसारखी गाडी माणसं नेण्यासाठी बनलेली असते. माणसं चढतात आणि उतरतात. आपण तिच्यात ओटा, पलंग, संडास, पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि छतावर एसी बसवतो. हे ओझं कधीच उतरत नाही. गाडी दारात उभी असली तरी पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) चोवीस तास ते पेलत असतात.

ओझं किती आहे यापेक्षा ते कुठे आहे याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. समजा, शंभर लिटरची टाकी आहे, म्हणजे भरल्यावर पाणीच शंभर किलो. ती मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे, डिकीच्या टोकाला बसवली आणि गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) ३७०० मिलिमीटर असला, तर मागच्या एक्सलवर शंभर नाही, सुमारे १४० किलो वाढतात. वरचे चाळीस किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. सी-सॉच्या एका टोकाला कुणी बसलं की दुसरं टोक वर जातं, तसंच हे. त्याच जागी दोन बॅटऱ्या, जनरेटर आणि स्टेपनी आली की पुढची चाकं रस्त्यावर नुसती टेकलेली राहतात. मग स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी ऐकणार कशी?

म्हणून आमच्याकडे येण्याआधी गाडी सहलीला निघते तशी पूर्ण भरून जवळच्या काट्यावर न्या. एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, एकदा फक्त मागची, मग अख्खी गाडी. तिन्ही पावत्या जपून ठेवा. डावं-उजवं वजन आम्ही चाकांखाली छोटे काटे ठेवून मोजतो, कारण ओटा आणि फ्रिज एकाच बाजूला असला की गाडी कायम त्या बाजूला कललेली राहते.

आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा गाडी जड भरली, तर आम्ही कुठलाही पार्ट विकणार नाही. जादा पाटा किंवा एअर बॅग (पाट्याला आधार देणारी हवेची पिशवी) लावली म्हणून एक्सलची, ब्रेकची आणि टायरची ताकद वाढत नाही. अशा गाडीतून सामान उतरवणं हाच इलाज आहे. ग्राहक नाराज होतात, तरी आम्ही यावर ठाम आहोत.

टायर आणि ढिलाई

टायरच्या कडेला ११२/११० असे आकडे दिसतील. ११२ म्हणजे तो टायर एकटा ११२० किलो पेलतो. ११० हा आकडा जोडचाकांसाठी आहे, १०६० किलोंचा. काट्याच्या पावतीशी हे ताडून पाहा. हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजा. जोडचाकं असतील तर आतल्या टायरची हवा बघायला विसरू नका. तो सर्वात दुर्लक्षित टायर असतो. कडेवरच्या चार अंकांत टायरचं वय असतं : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कॅम्पर कमी चालते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र आतून कडक झालेलं असतं.

ढिलाई घरच्या घरी तपासता येते. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना उटी लावा आणि इंजिन चालू ठेवा. एकाने स्टीअरिंग दोन-दोन बोटं डावी-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने बाजूला वाकून पुढच्या चाकाकडे बघायचं. गाडीखाली शिरायचं नाही. स्टीअरिंग हलतं आणि चाक हलत नाही, एवढ्या पट्ट्यात प्ले आहे. तो टाय रॉड एंडमध्ये आहे, ड्रॅग लिंकमध्ये (दोन्ही स्टीअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारे भाग), किंगपिनमध्ये (ज्यावर चाक वळतं तो खिळा) की स्टीअरिंग बॉक्समध्ये, हे आम्ही पिटवर सांध्यावर हात ठेवून शोधतो. ढिला सांधा बोटांना टक् असा लागतो, डोळ्यांना दिसण्याच्या आधी.

हा प्ले काढायच्या आधी स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअप) लावून घेऊ नका. डॅम्परने थरथर दबते आणि झिजलेला सांधा तसाच झिजत राहतो. सगळं घट्ट असलेल्या गाडीला मात्र तो उपयोगी आहे. पुढचा टायर अचानक फुटला तर स्टीअरिंगला बसणारा झटका तो सौम्य करतो.

मागून उचललेली गाडी

हा किस्सा सविस्तर सांगतो, कारण ही चूक आम्हाला वरचेवर दिसते. साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी कॅम्पर घेऊन आले. गाडी मागून बसायची म्हणून त्यांनी दुसरीकडे मागे एकेक पाटा वाढवून घेतला होता. गाडी पाच सेंटीमीटर उचलली गेली, दिसायला छान झाली. त्या दिवसापासून वळण संपलं तरी स्टीअरिंग परत येईना. वळवलं तिथेच राहायचं. हातांनी ओढून सरळ करावं लागायचं. बाई म्हणाल्या, "घाटात मी श्वास धरून बसते."

कारण असं. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. त्यामुळे सायकल आपसूक सरळ राहायला बघते. गाडीच्या पुढच्या चाकाचा किंगपिनही असाच मागे कललेला असतो, त्या कलाला कॅस्टर म्हणतात. गाडी मागून उचलली की नाक खाली जातं आणि हा कल कमी होतो. ३७०० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीत पाच सेंटीमीटर उचलले की जवळजवळ पाऊण अंश जातो. मुळात तो कल मोजक्याच अंशांचा, त्यातला पाऊण गेला तर हाताला लगेच कळतं.

आम्ही ते जादा पाटे काढले. पाण्याची टाकी डिकीतून काढून दोन एक्सलच्या मधे, फरशीखाली आणली. आत आडवे पडदे घातले, म्हणजे अर्धी टाकी असताना पाणी हिंदकळत नाही. मग कॅस्टर मोजला. राहिलेली उणीव पुढच्या एक्सल आणि पाट्याच्या मधे पोलादी पाचर घालून भरून काढली. (पुढेही पाटे आणि सरळ एक्सल असेल तरच पाचर चालते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीची सेटिंग वेगळी.) सरांनी स्वतः खंबाटकी चढून बघितला आणि वरून फोन केला : "हात सैल सोडला की स्टीअरिंग घरी येतंय."

घाटातलं डोलणं आणि वाऱ्याचा धक्का

डोलण्यावर सर्वात जास्त फरक पाडतो तो अँटिरोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा. दोन्ही चाकं एकदम वर आली तर तो गप्प बसतो. एकच बाजू दबली की पिळला जातो आणि गाडीला सरळ धरतो. त्याच्या जाडीतला छोटा फरकही मोठा असतो, कारण ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. २५ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरचा बार म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त कडकपणा. पण बुश (सांध्यातले रबरी तुकडे) आणि लिंक (बारला जोडणारे छोटे दांडे) सैल असतील तर जाड बारही आधी ती ढिलाई भरतो आणि मग कामाला लागतो. कित्येकदा शेकड्यांतल्या बुशवरच काम भागतं. नुसता मागचा बार जाड करू नका. ओल्या वळणावर गाडीचं शेपूट बाहेर जाण्याची भीती वाढते.

बस गेल्यावर शेपूट आधी हलतं आणि मग पुढची दिशा बदलते असं वाटत असेल, तर मागची बॉडी एक्सलवर आडवी सरकते आहे. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश झिजले की हे होतं. बुश नवे घालूनही उरलं तर आम्ही पॅनहार्ड रॉड लावतो. हा चेसिसपासून एक्सलपर्यंतचा आडवा दांडा असतो. लांब डिकीच्या गाड्यांना त्याचा फार फायदा होतो.

शॉकअप वजन उचलत नाहीत, उसळी थांबवतात. गाडी बसलेली असेल तर ते बदलून उंची वाढणार नाही. एअर बॅग घ्यायची तर डावी-उजवी नळी वेगळी घ्या. एकच नळी असली तर वळणावर हवा दबलेल्या बाजूकडून दुसरीकडे पळते आणि गाडी उलट जास्त कलते.

कागद

चेसिस कापणं आणि व्हीलबेस वाढवणं आम्ही करत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. आम्ही लावलेल्या प्रत्येक पार्टचं बिल देतो, ते विमा कंपनीला दाखवून ठेवा.

गाडी आणताना

अलाइनमेंट आम्ही भरलेल्या गाडीवरच करतो. रिकाम्या गाडीवर लावलेला टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) टाकी भरली की बदलतो. म्हणून पाणी, भांडी, गाद्या, सगळं ठेवून आणा. गॅस सिलिंडर मात्र घरी ठेवा, त्याच्या वजनाइतकी वाळूची गोणी आम्ही ठेवू. रस्त्याचा उतार आपल्याकडे डावीकडे असतो, त्यामुळे किंचित डावीकडे ओढ असणं हा दोष नाही. ट्रायलला आम्ही तुमच्या शेजारी बसतो आणि गाडी तुम्हीच चालवता.

पाट्यांचं काम झालं असेल तर पाचशे किलोमीटरनंतर परत या. यू-बोल्ट (पाटा एक्सलला धरणारे) एकदा बसले की थोडे सैल होतात, ते पुन्हा टॉर्क पान्याने आवळावे लागतात. अर्धा तास लागतो, पैसे लागत नाहीत.