गाडीला पॉलिश मारायचं की वॅक्स?

आमच्या सोसायटीत शेडचं पार्किंग मोजकंच आहे, त्यामुळे माझी लाल हॅचबॅक सहा वर्षं रस्त्यावर गुलमोहराखालीच उभी असते. परवा शेजारचे काका विचारत होते, सर्व्हिसिंगवाला दर वेळी पॉलिशचे पैसे सांगतो, करून घेऊ का, गाडी दिवसभर उन्हात असते ना म्हणून. हा प्रश्न ऐकला की मला खरंच वाईट वाटतं, कारण उन्हापासून वाचायला म्हणून लोक पैसे देतात आणि उन्हापासून जो थर वाचवतो तोच थोडा थोडा घासून घेतात.

सुताराकडचा पॉलिश पेपर आठवा, गाडीचं पॉलिश त्याच जातीचं. त्यात अगदी बारीक कण असतात आणि ते वरचा पृष्ठभाग घासून सपाट करतात, म्हणून हलके ओरखडे जातात आणि चकाकी येते. आता घासलं काय जातं? तर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसाहून पातळ, आणि उन्हातली अतिनील किरणं अडवायचं काम त्याचंच. एकदा गेला की परत येत नाही, पेंटरकडेच जावं लागतं. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या साध्या रंगावर तर क्लिअर कोट नसतोच, पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागला तर समजायचं की आपण थेट रंगच घासतोय, तिथेच थांबा.

वॅक्सचं उलटं आहे, ते काही काढत नाही, वर चढतं. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. वॅक्स लावलं म्हणजे ऊन लागणारच नाही असं नाही हां, सावलीला पर्याय नाही, पण पक्ष्यांची घाण, झाडाचा चिकटा, बोअरच्या पाण्याचे डाग थेट रंगाला भिडत नाहीत आणि धुताना पटकन निघतात. उघड्यावरच्या गाडीवर ते महिना दोन महिने टिकतं, मग परत लावायचं.

घोळ होतो तो डब्यामुळे, कारण दुकानात "वॅक्स पॉलिश" नावाने दोन्हींचं मिश्रणसुद्धा मिळतं. लेबलवर स्क्रॅच, कट, कंपाउंड असले शब्द असतील तर ते घासणारं आहे, दर महिन्याला लावायचं नाही. बोटांत चोळून बघण्यावर विसंबू नका, बारीक पॉलिश हाताला अजिबात खरखरीत लागत नाही.

मला साध्या पेस्ट वॅक्सचा डबा साडेचारशेला मिळाला होता, वर्षभर पुरला. सकाळी ऊन चढायच्या आत गाडी धुवायची, पण भांड्यांच्या साबणाने नको, त्याने आधीचं वॅक्स उतरतं. मग एकेक भाग घ्यायचा, आधी बॉनेट, मग टप, स्पंजने अगदी पातळ लावायचं, पांढुरकं झालं की मायक्रोफायबरने पुसायचं. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात आणि ते काढता काढता जीव जातो.

पॉलिश कधी करायचं मग? रंग खरंच निस्तेज झाला असेल, बारीक ओरखड्यांचं जाळं दिसत असेल तेव्हाच, आणि लगेच वर वॅक्स. नुसतं पॉलिश करून गाडी तशीच उन्हात लावणं सगळ्यात वाईट.

आणि पक्ष्याची घाण कोरड्या फडक्याने खरवडू नका, प्लीज. ती आम्लधर्मी असते, त्यात वाळल्यावर मातीसारखी टणक होते, दुपारच्या तापलेल्या पत्र्यावर रंगात खोल उतरते. ओलं फडकं 5-10 मिनिटं वर ठेवायचं आणि मऊ झाली की उचलून घ्यायची, घासायची नाही.

काकांच्या बॉनेटवर मी तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. वॅक्स असेल तर अळूच्या पानावर असतात तसे गोल थेंब होतात, त्यांच्याकडे पाणी सपाट पसरून बसलं, एकही थेंब नाही. गेल्या महिन्यातच पॉलिशचे पैसे भरले होते त्यांनी. रविवारी सकाळी सातला दोघं मिळून माझ्या डब्यातलं वॅक्स लावणार आहोत, पावसाळ्याच्या आत एक हात होऊन जाईल.