ठोकळा डोक्यात फिरवायला शिकवता येते

चार ठोकळे लांब, तीन रुंद आणि दोन थर उंच अशा ढिगाचे चित्र काढा आणि पाचवी-सहावीच्या मुलांना विचारा, यात ठोकळे किती? 26 हे उत्तर हमखास येते. खरे उत्तर 24. मुलांचा गुणाकार चुकलेला नसतो. चित्रात दिसणाऱ्या तीन बाजूंवरचे चौकोन त्यांनी मोजलेले असतात: समोर 8, कडेला 6, वर 12. कोपऱ्यातला ठोकळा तीनदा मोजला जातो आणि आतला, न दिसणारा, एकदाही नाही. न दिसणाऱ्या बाजूही आठवणीने धरणारी मुले 52 म्हणतात. म्हणजे मुलांना दिसतात ते कागदावरचे चौकोन. ठोकळ्यांचे थर त्यांना दिसतच नाहीत.

फळ्यावर नेहमी काढला जाणारा 3×3×3 चा ढीग या तपासणीला अगदी निरुपयोगी आहे. त्याच्या तीन दिसणाऱ्या बाजूंवर 27 चौकोन असतात आणि आत ठोकळेही 27 असतात. चुकीच्या वाटेने गेलेल्या मुलालाही बरोबरची खूण मिळते आणि शिक्षकाला काहीच कळत नाही. म्हणून 4×3×2 घ्यावा, किंवा 4×4×4. तिथे दिसणारे चौकोन 48 आणि ठोकळे 64.

यावर उपाय सूत्र पाठ करून घेण्याचा नाही. गणित पेटीतले ठोकळे घ्यावेत, एक थर रचावा, त्यावर जुन्या वहीचा कागद ठेवावा आणि कागदावर दुसरा थर रचावा. आता मुले थर मोजतात: एका थरात 12, थर दोन. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची या सूत्रातला पहिला गुणाकार थराचा आणि दुसरा थरांच्या संख्येचा, हे त्या कागदामुळे हाताला कळते. हेच पुढे नेता येते. 3×3×3 चा ढीग बाहेरून रंगवला तर तीन बाजू रंगलेले ठोकळे 8, दोन बाजू रंगलेले 12, एक बाजू रंगलेले 6 आणि अजिबात न रंगलेला 1. 4×4×4 ला 8, 24, 24, 8. आठाचा आकडा हलत नाही, कारण कोपरे आठच. बाराचा चोवीस होतो, कारण कडा बाराच राहतात पण प्रत्येक कडेवर आता मधले दोन ठोकळे आहेत. बीजगणितातला n इथे आपोआप येतो.

वस्तू मनात पाहण्याच्या या क्षमतेला अवकाशीय विचार म्हणतात. वस्तू मनात फिरवणे, तिचा छेद कल्पिणे, घडी उलगडून पाहणे, दुसऱ्या जागेवरून ती कशी दिसेल हे ओळखणे, हे सगळे त्यात येते. 1971 साली शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि दोन्ही आकृती एकच आहेत का, असे विचारले. दोघींमधला कोन जितका मोठा तितका उत्तराला वेळ जास्त, आणि ही वाढ सरळ रेषेत होती: साधारण 60 अंशांना एक सेकंद. मनातले फिरवणेही खऱ्या फिरवण्यासारखे टप्प्याटप्प्याने होते. अमेरिकेत 1960 साली सुमारे चार लाख शाळकरी मुलांची चाचणी झाली होती. पुढे अकरा वर्षांनी त्यांचे शिक्षण आणि व्यवसाय पाहिले तेव्हा विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताकडे कोण गेले याचा अंदाज भाषा आणि गणिताच्या गुणांच्या जोडीला अवकाशीय चाचणीचे गुण धरल्यावर अधिक चांगला येत होता.

आपल्याकडे हा विषय मुलांना भेटतो तो शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत: आरशातील प्रतिमा, जलप्रतिमा, कागदाची घडी आणि छिद्र. ‘बुद्धिमत्ता’ या नावामुळे एक घातक समज पसरतो, की हे ज्याला जमते त्याला जन्मतःच जमते. तसे नाही. 2013 मध्ये 217 अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात सरावाने ही क्षमता स्पष्टपणे वाढते आणि ती वाढ टिकते, असे दिसले. मुलींना हे जमत नाही, हे वाक्य तर शाळेत उच्चारूच नये. सरावाचा फायदा मुलगे आणि मुली दोघांनाही होतो. गणिताच्या गुणांवर होणारा परिणाम मात्र बेताचा आहे, आणि तो संगणकावरच्या खेळांपेक्षा हातात घेता येणाऱ्या वस्तूंनी जास्त होतो. महागडे ॲप घेण्याआधी पालकांनी एवढे लक्षात ठेवावे.

सरावात क्रम फार महत्त्वाचा. आधी अंदाज, मग कागदावर चित्र, आणि शेवटी वस्तू. बहुतेक वर्गांत हा क्रम उलटा असतो: शिक्षक प्रतिकृती आधी दाखवतात, मुले माना डोलावतात आणि मनाला काही काम उरतच नाही. चूक कागदावर उमटली, तरच ती दुरुस्त होते.

बालमानसशास्त्रज्ञ पियाजेचा पाण्याच्या पातळीचा प्रयोग यासाठी उत्तम. सरळ बाजूंची, झाकणाची पारदर्शक बरणी अर्धी भरा, पाण्यात शाईचे दोन थेंब टाका. ती तिरपी केलेली आहे अशी बाह्यरेषा कागदावर काढून द्या आणि पाण्याची रेघ मारायला सांगा. पुष्कळ मुले, आणि बरीच मोठी माणसेही, रेघ बरणीच्या तळाला समांतर काढतात. काही जण थोडी वळवतात, पण पुरती आडवी करत नाहीत. सगळ्यांची चित्रे झाली की बरणी कलंडवा आणि शेजारी ओळंबा, म्हणजे वजन टांगलेली दोरी, धरा. दोरी आणि पाण्याची रेघ यांत प्रत्येक वेळी काटकोनच येतो. गवंड्याची पाणसळ याच तत्त्वावर चालते. बरणी 30, 45, 60 अंशांत कलंडवून पाण्याच्या रेघा एकाच चित्रात काढल्या, तर त्या सगळ्या बरणीच्या मध्यबिंदूतून जातात. पाणी बरोबर अर्धे असेल तरच हे घडते. निमुळत्या गळ्याच्या बाटलीत हिशेब बिघडतो, म्हणून बरणीच घ्यावी.

सोलापूरच्या मुलांच्या घरात याहून मोठे साधन पडून असते: चादर. जॅकार्डच्या मागावर नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते. एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा यांची भेट. बाण्याच्या प्रत्येक धाग्याला एक पुठ्ठ्याचे कार्ड. कार्डात भोक असेल तर त्या जागेचा ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर खालीच राहतो. जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास बसवलेली ही योजना आता इलेक्ट्रॉनिक मागांतही तत्त्वाने तीच आहे.

आता मुलांना विचारा: चादरीवरच्या मोराचे तोंड डावीकडे आहे. कार्डांची माळ चुकून शेवटाकडून सुरुवातीकडे चालवली, तर मोर कसा विणला जाईल? बहुतेक जण म्हणतात, उलटा होईल आणि तोंड उजवीकडे जाईल. तसे होत नाही. पाय वर जातात, पण तोंड डावीकडेच राहते, कारण आडव्या ओळींचा फक्त क्रम बदलला. ओळीच्या आतले डावे-उजवे जागच्या जागी आहे. तोंड उजवीकडे जाते ते बरोबर विणलेली चादर जमिनीवर अर्धा फेरा फिरवली तर. आणि चादर पुस्तकाच्या पानासारखी उलटली, तर मागच्या बाजूला मोर सरळ उभा, पण तोंड उजवीकडे. हे तीन वेगळे बदल आहेत. चौकटीच्या कागदावर मोर काढून, कागद फिरवून आणि उजेडाकडे धरून मागून पाहून तिन्ही तपासता येतात. "आरशात डावे-उजवे बदलते" एवढेच पाठ केलेले मूल इथे अडकते.

हाच गुंता बारावीच्या केमिस्ट्रीत परत येतो. कणकेची गोळी म्हणजे कार्बनचा अणू समजा, तिच्यात खराट्याच्या चार काड्या खोचा, टोकांना चार रंगांच्या गोळ्या लावा. दोन काड्यांमधला कोन 109.5 अंश हवा. काटकोन झाला की सगळ्या काड्या एका पातळीत येतात आणि प्रयोग फसतो. पुस्तकातली अधिक चिन्हासारखी आकृती पाहून मुले नेमकी हीच चूक करतात. तशीच दुसरी प्रतिकृती करून तिच्यातल्या कोणत्याही दोन गोळ्यांची अदलाबदल करा. आता कितीही फिरवा, दोन्ही एकमेकींवर बसत नाहीत. आणखी एक अदलाबदल केली तर पुन्हा बसू शकतात. निसर्गाला हा फरक कळतो: कार्व्होन नावाच्या रेणूचे एक रूप पुदिन्यात असते आणि त्याचे आरशातले रूप बाळंतशेपेत. दोन्हींचा वास वेगळा.

छेदांचा सराव स्वयंपाकघरात होतो. काकडी आडवी कापली तर वर्तुळ, तिरकी कापली तर लंबवर्तुळ. आधी कागदावर काढून मग कापावी. खोडाचा आडवा छेद आणि उभा छेद ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. जमू लागले की साबणाचा 4 सेंमी बाजूचा घन घ्या. समोरासमोरचे दोन दूरचे कोपरे निवडा, त्यांना चिकटलेल्या सहा कडा सोडून द्या, उरलेल्या सहा कडांचे मध्य टाचणीने टोचा आणि त्यांतून बारीक तार ओढून कापा. सुमारे 2.8 सेंमी बाजूचा नियमित षटकोन मिळतो. चौकोनांच्या घनातून षटकोन निघतो, यावर मोठ्यांचाही पटकन विश्वास बसत नाही. कापताना तीनच खुणा पाहिल्या तर तार भरकटते. सहाही खुणांवर नजर हवी.

मोठ्या जागेतले दिशाभान हे जरा निराळे कौशल्य, त्याचा सरावही निराळा. सोलापुरात दक्षिणेला, विजयपूरकडे तोंड करून उभे राहिलात तर हैदराबाद डाव्या हाताला आणि तुळजापूर पाठीमागे. पंढरपूर मात्र जवळजवळ थेट उजव्या हाताला, पश्चिमेला आहे. मोहोळमार्गे जाणाऱ्यांना ते वायव्येला वाटते, कारण रस्ता ज्या दिशेने शहर सोडतो तीच दिशा मनात गावाला चिकटते. मुलांनी आधी हाताने दिशा दाखवावी आणि मग नकाशा उघडावा.

आकाशासाठी एक मीटरची सरळ काठी पुरते. सपाट जागी ती ओळंब्याने उभी करा. तिच्याभोवती वर्तुळ काढा, सावलीचे टोक सकाळी आणि दुपारनंतर जिथे वर्तुळाला टेकते त्या दोन खुणा घ्या आणि काठीपाशी होणारा कोन दुभागा. ही उत्तर-दक्षिण रेषा. जुन्या ज्योतिषग्रंथांतल्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, रीत हीच आहे. सोलापूर 17.7 अक्षांशाच्या आसपास असल्याने 21 डिसेंबरला मध्यान्हीची सावली सुमारे 87 सेंमी, उत्तरेकडे. 21 मार्चच्या सुमाराला 32 सेंमी. 21 जूनला सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेकडे पडते, फक्त 10 सेंमी. काठी उत्तर-दक्षिण दिशेत दोन अंशांनी कलली तरी या 10 चे साडेसहा किंवा साडेतेरा होतात, त्यामुळे ओळंबा टाळता येत नाही. दुसरी नेहमीची चूक घड्याळाची. इथली मध्यान्ह बाराला होत नाही. ऋतूप्रमाणे ती साधारण 12:10 ते 12:41 च्या दरम्यान सरकते.

सावली नाहीशी होण्याचा दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, तेव्हा मध्यान्ह साधारण 12:23 ला होते. ऑगस्टच्या सुरुवातीला तो पुन्हा येतो, पण ढगांमुळे बहुधा हुकतो. मेमध्ये शाळेला सुट्टी असते. म्हणून डिसेंबर आणि मार्चच्या नोंदी शाळेत घ्याव्यात, त्यावरून जूनची सावली कुठे आणि किती पडेल याचे चित्र मुलांकडून एप्रिलमध्येच काढून घ्यावे, आणि मेमधली नोंद घरच्या गच्चीवर घ्यायला सांगावी. जूनमध्ये शाळा उघडली आणि आभाळ मोकळे मिळाले की ते चित्र काठीशेजारी ठेवून ताडून पाहता येईल.