टाकीची मोटर आणि टीमचा अलर्ट चॅनेल

आमच्या टीमच्या चॅटमध्ये बिल्डसाठी, म्हणजे कोड जोडून तपासण्याच्या कामासाठी, एक वेगळा चॅनेल होता, सेटअप मीच केलेला. कुणी कोड पुश केला की मेसेज, रिव्ह्यू मागितला की मेसेज, आणि टेस्ट पास झाल्या तरी मेसेज. पहिले दोन दिवस सगळ्यांना भारी वाटलं, मग एकेकाने गुपचूप चॅनेल म्यूट केला आणि आपण म्यूट केलाय हे कुणीच कुणाला सांगितलं नाही. एका शुक्रवारी सर्व्हरची डिस्क भरत आली. वॉर्निंग आली होती हो, अगदी वेळेवर आली होती, पण त्याच चॅनेलवर, पास झालेल्या टेस्टच्या हिरव्या टिकमार्कांच्या गर्दीत. शनिवारी सकाळी डेटाबेस आडवा.

आता हे मेसेज येतात कसे ते आधी बघू. जुनी पद्धत म्हणजे पोलिंग, एक प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी सर्व्हरला विचारत बसतो, काही झालं का, काही झालं का. दुसरी पद्धत वेबहुकची, हे नाव 2007 मध्ये जेफ लिंडसे यांनी रूढ केलं. वेबहुक म्हणजे आपला मिस्ड कॉल. तुम्ही गिटहबला (टीमचा कोड जिथे ठेवतात ती साइट) एक पत्ता देऊन ठेवता आणि काही घडलं की गिटहब स्वतःच त्या पत्त्यावर छोटा निरोप टाकतं, कुणी, कुठल्या रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात), काय केलं. समोरच्याने 10 सेकंदात उत्तर दिलं नाही तर तो निरोप फेल धरला जातो आणि गिटहब आपणहून परत पाठवत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

पण पोचण्याचा भाग सोपा आहे, खरी गोची वाचणाऱ्याच्या डोक्यात आहे. एकच आवाज परत परत आला आणि त्यातून काहीच निघालं नाही की मेंदू तो ऐकणंच सोडतो, घड्याळाची टिकटिक जशी आपल्याला ऐकू येत नाही तसं. याला हॅबिच्युएशन म्हणतात आणि यात आळशीपणाचा काही संबंध नाही. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला टेक्साकोच्या रिफायनरीत 24 जुलै 1994 ला स्फोट झाला, त्याच्या आधीच्या शेवटच्या जेमतेम 11 मिनिटांत दोन ऑपरेटर्ससमोर 275 अलार्म वाजले. म्हणजे साधारण दर अडीच सेकंदाला एक. त्यातला कामाचा कुठला हे कोण शोधणार?

मग आम्ही काय बदललं? सगळ्यात आधी 'पास' चे मेसेज बंद. हिरव्याचं लाल झालं, म्हणजे पास होणारं फेल झालं, की एक मेसेज आणि लालाचं परत हिरवं झालं की एक, मधे गप्प. स्लॅकमध्ये, म्हणजे आमच्या चॅट ॲपमध्ये, गिटहब जोडलं की इश्यू (नोंदवलेल्या अडचणी), पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारायची विनंती), कमिट (कोडमधला प्रत्येक नोंदलेला बदल) असं बरंच काही बाय डिफॉल्ट चालू असतं, त्यातले कमिट आम्ही काढून टाकले. आणि 'अ‍ॅट चॅनेल' लिहून हाक मारण्यावर बंदी, कारण त्याने चॅनेलमधल्या सगळ्यांना टोचणी लागते, सुट्टीवर असलेल्यालासुद्धा. 'अ‍ॅट हिअर' निदान जे ऑनलाइन आहेत त्यांच्यापुरतं राहतं.

डिस्कचं प्रकरण जास्त मजेशीर निघालं. अलर्ट 90 टक्क्यांवर लावलेला, आणि डिस्क 89 वरून 91, परत 89, परत 91 अशी झुलत राहायची, प्रत्येक वेळी मेसेज. याला फ्लॅपिंग म्हणतात, आणि याचं उत्तर तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर आहे. टाकीची ऑटोमॅटिक मोटर पाणी खूप खाली गेलं की चालू होते आणि टाकी भरली की बंद, दोन्ही लेव्हल वेगळ्या. एकच लेव्हल ठेवली असती तर कुणी तांब्याभर पाणी घेतलं तरी मोटर चालू, लगेच बंद, परत चालू, आणि महिन्याभरात मोटर जळाली असती. या दोन लेव्हलमधल्या फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात. आम्ही 90 ला अलर्ट आणि 80 च्या खाली आल्यावरच 'ठीक आहे' असं केलं. प्रोमिथियस (सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर अजून एक सोय आहे, पाच मिनिटं सलग तीच परिस्थिती राहिली तरच ओरड असं सांगता येतं. त्याचा अलर्टमॅनेजर सारख्याच प्रकारचे अलर्ट एकत्र बांधून पाठवतो, वीस सर्व्हर पडले तरी मेसेज एकच.

एवढं केल्यावर चॅनेल इतका शांत झाला की टीममधल्या एकीने विचारलं, "हा चालू आहे ना नक्की?" प्रश्न बरोबर होता. सगळं ठीक असल्याची शांतता आणि अलर्ट यंत्रणाच मेल्याची शांतता दिसायला सेम. म्हणून एक अलर्ट मुद्दाम कायम वाजता ठेवतात, वॉचडॉग म्हणतात त्याला. तो आमच्यापैकी कुणाच्याच फोनवर येत नाही, बाहेरच्या एका सर्व्हिसकडे जात राहतो आणि तो यायचा थांबला तरच ती सर्व्हिस आम्हाला उठवते. गावी पोचलास की मिस्ड कॉल दे म्हणून आई सांगते ना, तसंच. कॉल आला की ती उचलत नाही, झोपून जाते. आला नाही की सगळ्या नातेवाइकांना फोन.