कॅनडात नव्याने आलात? मोफत सेटलमेंट सेवा कोणाला मिळते आणि कोणते कागद लागतात

पीआर, म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी (कायम राहण्याचा दर्जा), घेऊन कॅनडात आलेल्या मराठी कुटुंबांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सेटलमेंट सेंटर निर्वासितांसाठी असतं, आपण तर नोकरीच्या जोरावर आलोय." हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी अनेक जण आपल्या हक्काची सेवा न घेताच पहिली दोन-तीन वर्षं धडपडत काढतात. नव्याने आलेल्यांना घर, भाषा, नोकरी, कागदपत्रं यांत मदत करणाऱ्या या सेवांचा खर्च कॅनडाच्या केंद्र सरकारचं इमिग्रेशन खातं, म्हणजे आयआरसीसी, उचलतं. प्रत्यक्ष काम स्थानिक संस्था करतात: टोरांटोकडे कॉस्टी, ॲक्सेस एम्प्लॉयमेंट, वायएमसीए, व्हँकुव्हरकडे मोझेक आणि छोट्या गावांतही एखादी तरी संस्था. तुमच्याकडून एक डॉलरही घेतला जात नाही. यासाठी कोणी फी मागितली, तर तिथून सरळ निघा.

आधी पात्रता, कारण सगळं तिथेच अडतं. पर्मनंट रेसिडेंट असाल तर तुम्ही पात्र आहात. मग एक्स्प्रेस एन्ट्रीने (शिक्षण-कामाच्या गुणांवर निवड होते त्या मार्गाने) आलेले असा, नवऱ्याने किंवा बायकोने स्पॉन्सर केलेलं असो, की मुलाने बोलावलेले आईवडील असा. ज्यांचा निर्वासित म्हणून दावा मान्य झाला आहे, ते प्रोटेक्टेड पर्सनही पात्र. त्यांनी पीआर हातात पडेपर्यंत थांबायची गरज नाही, ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. पीआरचा अर्ज तत्त्वतः मंजूर झाल्याचं आयआरसीसीचं पत्र आलं असेल, तर तेही चालतं.

आता कोण बसत नाही ते. स्टडी परमिटवरचे विद्यार्थी, बहुतेक वर्क परमिटवाले, त्यांचे ओपन वर्क परमिटवर (कोणत्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परवान्यावर) आलेले जोडीदार, सुपर व्हिसावर (दीर्घ मुक्कामाच्या पाहुण्यांच्या व्हिसावर) आलेले आईबाबा आणि ज्यांच्या निर्वासित दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे ते. आणि कॅनडाचे नागरिक. या शेवटच्या गटाकडे नीट लक्ष द्या. पाच वर्षांत १०९५ दिवस राहून नागरिकत्व घेतलं की या केंद्रीय सेवांचं दार बंद होतं. "आधी नोकरीत स्थिरावतो, इंग्रजीचा क्लास नंतर बघू" असं म्हणणाऱ्याची ती वेळ अनेकदा निघून गेलेली असते. पात्रतेच्या अटी सरकार वेळोवेळी बदलतं. त्यामुळे विशेषतः आर्थिक श्रेणीतून आलेल्यांनी अपॉइंटमेंट घेतानाच आपल्या श्रेणीला काही कालमर्यादा आहे का, हे विचारून घ्यावं.

कागदांची यादी लहान आहे. पीआर कार्ड, किंवा ते यायचं असेल तर कन्फर्मेशन ऑफ पर्मनंट रेसिडेन्स, ज्याला सगळे 'सीओपीआर' म्हणतात. आयएमएम ५२९२ किंवा आयएमएम ५६८८ असा क्रमांक त्यावर असतो. हल्ली बऱ्याच जणांना ते पोर्टलवर पीडीएफ म्हणून मिळतं. त्याची प्रिंट काढून पासपोर्टसोबत न्या. प्रोटेक्टेड पर्सनने इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाचं निर्णयपत्र न्यावं. या कागदांवर यूसीआय नावाचा क्लायंट क्रमांक असतो. नोंदणी करताना तोच मागतात, म्हणून फोनमध्ये लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येकाचा कागद वेगळा लागतो. नवऱ्याच्या पीआर कार्डावर बायकोची नोंदणी होत नाही.

पहिल्या भेटीत सेटलमेंट वर्कर तुमच्याशी तासभर बोलतो. घर मिळालं का, मुलं शाळेत गेली का, शिक्षण काय, काम काय केलंय, इंग्रजी कितपत येतं, काही कर्ज किंवा आजारपण आहे का. याला गरजांची तपासणी म्हणतात आणि त्यातून तुमचा सेटलमेंट प्लॅन तयार होतो. इथे संकोच करू नका. आपल्याकडे परक्या माणसाला घरची अडचण सांगायची सवय नसते, पण जे सांगणार नाही त्यासाठी पुढे कुठे पाठवणार? घरात मारहाण होत असेल, भाडं थकलं असेल, झोप लागत नसेल, तर तेही सांगण्याची ही जागा आहे. बोलणं गोपनीय राहतं. इंग्रजी अवघड वाटत असेल तर दुभाष्या मिळेल का, हे आधीच विचारा. हिंदी बोलणारी माणसं मोठ्या शहरांत बहुधा असतात.

नवागतांच्या मोफत इंग्रजी वर्गाला 'लिंक' म्हणतात. तिथे थेट जाऊन बसता येत नाही, आधी मूल्यांकन केंद्रात चाचणी द्यावी लागते. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं अशा चारही गोष्टींची वेगवेगळी पातळी, म्हणजे सीएलबी (कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क), ठरते. बोलण्यात सहा आणि लिहिण्यात चार असा निकाल आला तर दचकू नका, मराठी माध्यमातून शिकलेल्यांचं काय, इंग्रजी माध्यमवाल्यांचंही असं होतं. चाचणी मोफत आहे, नापास असं काही नसतं. काही केंद्रांत आई वर्गात असताना लहान मुलांना सांभाळायची सोयही असते; ती जागा लवकर भरते, म्हणून नोंदणीच्याच दिवशी विचारा. पीआरवर आलेल्या साठीतल्या आजीबाईंनाही हा वर्ग खुला आहे. दिवसभर घरात एकट्या असलेल्या बाईला तिथे बसचा मार्ग विचारणं, डॉक्टरांना दुखणं सांगणं, दुकानात वस्तू परत करणं असलं रोजचं इंग्रजी शिकवतात, आणि चार ओळखीची माणसं मिळतात. तरुणांसाठी आणखी एक फायदा: नागरिकत्वाच्या अर्जात १८ ते ५४ वयाच्या लोकांना सीएलबी ४ चा पुरावा द्यावा लागतो, आणि लिंकमध्ये बोलण्या-ऐकण्याची ती पातळी गाठल्याचं प्रमाणपत्र तिथे चालतं.

नोकरीसाठी रेझ्युमे सुधारणं, मुलाखतीचा सराव, त्याच क्षेत्रातला मेंटर, हे सगळं याच संस्थांतून मिळतं. नर्स, फार्मासिस्ट, शिक्षक, इंजिनिअर हे परवान्याचे व्यवसाय आहेत, त्यांचा परवाना प्रांतातली नियामक संस्था देते. ऑन्टारिओत इंजिनिअरच्या परवान्यासाठीची 'कॅनेडियन अनुभव' ही अट २०२३ साली काढून टाकली, तरी जुन्या माहितीवर विसंबून आपले कितीतरी जण अर्जच करत नाहीत.

निर्वासितांची वाट थोडी निराळी आहे. सरकारने परदेशातून निवडून आणलेल्यांना विमानतळावर घ्यायला माणूस येतो, तात्पुरता निवारा मिळतो, कायमचं घर शोधून देतात, आणि एक वर्षापर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, मासिक आर्थिक मदत मिळते. खासगी गटाने स्पॉन्सर केलेल्यांचा भार साधारण वर्षभर तो गट उचलतो. इथे येऊन दावा केलेल्यांना मात्र निकाल लागेपर्यंत केंद्राच्या सेटलमेंट सेवा मिळत नाहीत. म्हणजे सगळी दारं बंद, असं मात्र नाही. उपचारासाठी इंटरिम फेडरल हेल्थ प्रोग्राम आहे, वर्क परमिटचा अर्ज करता येतो, आणि ऑन्टारिओ व ब्रिटिश कोलंबिया प्रांतांच्या स्वतःच्या नवागत सेवा दावेदारांनाही घेतात. ऑन्टारिओत मुलाला शाळेत घालायला आईबापांचा इमिग्रेशन दर्जा आडवा येत नाही.

क्यूबेकचं सगळंच वेगळं. १९९१ च्या करारापासून तिथल्या सेवा प्रांतच चालवतो, फ्रेंचचे वर्ग फ्रान्सिझासिओं क्यूबेककडे आहेत. मॉन्ट्रियलला उतरणाऱ्याने टोरांटोतल्या मित्राच्या सल्ल्याने चालू नये.

सेटलमेंट वर्कर ज्या कामांत मदत करतो, त्यातली काही पहिल्याच आठवड्यात उरकायची असतात. सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयातून सिन नंबर, म्हणजे नोकरी आणि करासाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर, मोफत मिळतो. आधी वर्क परमिटवर असताना ९ ने सुरू होणारा सिन मिळाला असेल, तर पीआर झाल्यावर नवा घ्या आणि मालकाला, बँकेला कळवा. हेल्थ कार्डाला ऑन्टारिओत आता प्रतीक्षाकाळ नाही, ब्रिटिश कोलंबियात मात्र चालू महिना अधिक दोन महिने थांबावं लागतं. तेवढ्या काळाचा खासगी विमा काढून ठेवा, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर. मुलं असतील तर आरसी ६६ अर्ज, सोबत आरसी ६६ एससीएच, भरून चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, मागा. आल्यापासून १८० दिवसांत आयआरसीसीला कॅनडातला पत्ता दिला नाही, तर पहिल्या पीआर कार्डासाठी वेगळा अर्ज आणि फी भरावी लागते.

सेटलमेंट वर्कर फॉर्म समजावून सांगतो, पण इमिग्रेशनच्या केसवर कायदेशीर सल्ला देणं हे परवानाधारक कन्सल्टंटचं किंवा वकिलाचं काम. कन्सल्टंटचं नाव त्यांच्या 'कॉलेज'च्या, म्हणजे त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, सार्वजनिक यादीत सापडत नसेल, तर पैसे देऊ नका, मग तो मंडळाच्या गणपतीत भेटलेला कितीही गोड मराठी माणूस असो.

तुमच्याजवळची संस्था कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर पिनकोडवरून सापडते. इथे त्याला पोस्टल कोड म्हणतात. विद्यार्थी, सुपर व्हिसावरचे आईबाबा, नागरिक झालेले, यांनी २११ वर फोन करावा. प्रांताच्या, नगरपालिकेच्या आणि वाचनालयाच्या सेवा तिथून कळतात. अनेक सार्वजनिक वाचनालयांत इंग्रजी संभाषणाचे मोफत गट चालतात, तिथे पीआर कार्ड कोणी मागत नाही.