स्पीड शंभर एमबीपीएस, तरी गेम का अडखळतो?

हॉलमध्ये फायबरचं कनेक्शन आहे, फोनवर स्पीड टेस्ट लावली की आकडा शंभर एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) पुढे जातो. आणि आतल्या खोलीत टीव्हीखालच्या पीएसफोरवर (प्लेस्टेशन ४ या गेम कन्सोलवर) ऑनलाइन सामना सुरू केला की समोरचा खेळाडू धावता धावता थबकतो, पुढच्या क्षणी चार पावलं पलीकडे उगवतो. गोळी आपण आधी झाडलेली असते, पण मरतो आपणच. मग कंपनीला फोन होतो, प्लॅन दोनशेचा घेतला जातो आणि खेळ तसाच अडखळत राहतो.

खेळाला मुळात स्पीड फारसा लागतच नाही. समजा कन्सोल सेकंदाला ६० वेळा माहितीचं पाकीट पाठवतो आणि प्रत्येक पाकीट २०० बाइटचं आहे. हे झाले सेकंदाला १२,००० बाइट; एका बाइटचे आठ बिट, म्हणजे जेमतेम ०.१ एमबीपीएस. मोठा प्लॅन गेम डाउनलोड करताना कामाला येतो. खेळताना लागतो तो वक्तशीरपणा. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. सगळीच पाकिटं ४० मिलिसेकंद उशिरा आली तरी गेम निभावून नेतो. पण एक ५ मिलिसेकंदांत, दुसरं ९०मध्ये आणि तिसरं वाटेतच गायब, असं झालं की त्याचा अंदाज कोसळतो. या चढउताराला जिटर म्हणतात, आणि घरातला जिटर बहुतेक वेळा वायफायमध्येच जन्मतो.

वायफायच्या एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, एका वेळी एकालाच बोलता येतं. बोलण्याआधी प्रत्येक यंत्र कान देऊन ऐकतं. हवा मोकळी दिसली तरी लगेच बोलत नाही, मनात ० ते १५ मधला एक आकडा धरतं आणि तेवढे ठोके थांबतं. एक ठोका ९ मायक्रोसेकंदांचा. दोघांनी एकच आकडा धरला तर पाकिटांची टक्कर होते, पोच येत नाही, आणि पुढच्या खेपेला आकडा ० ते ३१ मधून निवडावा लागतो. मग ६३, १२७, असं वाढत वाढत १०२३ पर्यंत. शेवटच्या पायरीवर नुसती वाट पाहण्यातच ९ मिलिसेकंद जाऊ शकतात, आणि मध्ये शेजारचं कोणी बोलायला लागलं तर ही मोजणी तिथेच थांबते. वीस फ्लॅटच्या इमारतीत एकाच चॅनेलवर सात-आठ राउटर असतात. तुमचं पाकीट शेजाऱ्यांच्या मालिकांमागे रांगेत उभं असतं.

पहिल्या पिढीचा पीएसफोर इथे विशेष अडचणीत येतो. ज्याचा मॉडेल क्रमांक सीयूएच-१०, ११ किंवा १२ने सुरू होतो, त्या जाड कन्सोलला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. ५ गिगाहर्ट्झ आलं ते २०१६च्या स्लिम आणि प्रो मॉडेलांत. २.४च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ, म्हणजे तुमच्या हातातला कंट्रोलरही. आणि त्याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. साध्या मायक्रोवेव्हचा मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग) विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या साधारण अर्ध्या भागात चालतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दर २० मिलिसेकंदांतले दहाएक मिलिसेकंद गोंगाटाचे. कोणी पॉपकॉर्न लावला की सामना का बिघडतो, त्याचं उत्तर हे आहे.

राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅन केबल ओढता येत असेल तर बाकी सगळं विसरा आणि केबल ओढा. १५-२० मीटरची कॅट-६ केबल वायफाय पकडणाऱ्या कुठल्याही अडॅप्टरपेक्षा सरस आहे. १०० मीटरपर्यंत तिला काही होत नाही. पण भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही आणि दारातून गेलेली केबल घरच्यांना चालत नाही, तेव्हा कन्सोलसाठी ५ गिगाहर्ट्झ पकडणारा वेगळा अडॅप्टर.

इथे पहिली चूक होते ती खरेदीत. लॅपटॉपला लावतात तो यूएसबी डोंगल कन्सोलला चालत नाही. डोंगल वापरायला त्याचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो आणि कन्सोलमध्ये बाहेरून ड्रायव्हर टाकायची सोय नाही. हवा तो लॅनच्या छिद्रात जाणारा अडॅप्टर: एका बाजूने वायफाय पकडणारा, दुसऱ्या बाजूने केबलमधून देणारा छोटा डबा. कन्सोलला वाटतं केबलच लागली आहे. पासवर्ड, चॅनेल ही सगळी उठाठेव डब्याची. कल्पना जुनीच आहे. २००५च्या पहिल्या एक्सबॉक्स ३६०मध्ये वायफाय नव्हतंच, पाठीवर बसवायचा अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागे. २०१०च्या सडपातळ मॉडेलात ते आत आलं.

बाजारात ‘वायफाय अडॅप्टर’ असं मागितलंत तर दुकानदार डोंगलच काढून देईल. छोटा ट्रॅव्हल राउटर किंवा लॅन पोर्ट असलेला एक्स्टेंडर मागा. खोक्यावर एन३०० लिहिलं असेल तर परत ठेवा, तो फक्त २.४चा असतो, घेऊन काहीच साधणार नाही. एसी७५० किंवा एसी१२०० हवा, आणि मोडच्या यादीत ‘क्लायंट’ (वायफाय पकडून केबलमधून देणारा मोड) हा शब्द हवा. स्वस्त डब्यांचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो. खेळायला तो भरपूर झाला, पण ५० जीबीचा गेम उतरवायला तासाहून थोडा जास्तच वेळ जाईल. हे चालत नसेल तर गिगाबिट पोर्टवाला शोधा.

आता जोडणी. सुरुवात अडॅप्टरपासून करायची नाही, मुख्य राउटरपासून करायची. ब्राउझरमधल्या त्याच्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला वेगळं नाव द्या. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर अडॅप्टर जास्त रेंज दिसते म्हणून हमखास २.४ला चिकटतो. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा. डब्ल्यूएमएम (पाकिटांना प्राधान्यक्रम देणारी सोय) चालू आहे ना, ते पाहा. ते बंद असलं की वायफाय ५४ एमबीपीएसवर घसरतं. चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला एक पक्का करा.

मधले, म्हणजे ५२ ते १४४ हे चॅनेल का नकोत? ते रडारशी वाटून घेतलेले आहेत. तिथे राउटर सुरू होण्याआधी किमान एक मिनिट गप्प बसून ऐकतो, आणि नंतरही रडारची चाहूल लागली की काही सेकंदांत चॅनेल सोडून पळतो. मुंबईत वेरावलीचं हवामान रडार याच पट्ट्यातलं, म्हणजे सी बँडमधलं आहे. राउटरला ते खरोखर ऐकू आलं किंवा नुसता भास झाला, तरी तुमचा सामना मध्येच तुटतो.

मग अडॅप्टर लॅपटॉपला केबलने जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि डब्याच्या खाली छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. पान उघडत नसेल तर लॅपटॉपला हाताने त्याच मालिकेतला पत्ता द्यावा लागतो: अडॅप्टर १९२.१६८.०.२५४ असेल तर लॅपटॉप १९२.१६८.०.१०. आत गेल्यावर मोड ‘क्लायंट’ निवडा, ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा, पासवर्ड टाका, साठवा आणि डबा पुन्हा चालू होऊ द्या. लॅपटॉपला हाताने दिलेला पत्ता आठवणीने काढून ‘आपोआप’ करा. ही पायरी विसरल्यामुळे पुढचा अर्धा तास वाया गेलेले पुष्कळ लोक आहेत.

आता लॅपटॉपला कुठला पत्ता मिळाला ते बघा, कारण सगळं गणित त्याच्यावर आहे. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि लॅपटॉपला १९२.१६८.१ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर उत्तम, डबा नुसता पूल म्हणून काम करतोय. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता म्हणजे पलीकडून कोणी उत्तरच दिलेलं नाही; बहुतेक वेळा पासवर्ड चुकलेला असतो. आणि १९२.१६८.०सारखी तिसरीच मालिका दिसली तर डबा क्लायंट न राहता स्वतःच राउटर होऊन बसला आहे.

हा शेवटचा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण इंटरनेट चालतं. व्हिडिओ दिसतात, स्टोअर उघडतं, स्कोअरही येतो. फक्त मित्राचा आवाज ऐकू येत नाही, पार्टीत (मित्रांच्या ऑनलाइन गटात) घेतलं की बाहेर फेकला जातो, सामना मिळायला पाच मिनिटं लागतात. राउटर घरातल्या अनेक यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवतो, त्या पत्ताबदलाला नॅट म्हणतात. बाहेरून आलेलं पाकीट आत कोणाला द्यायचं याची नोंद राउटरकडे असते. एकापाठी एक दोन राउटर झाले की नोंदवह्या दोन होतात. कन्सोल यूपीएनपीने (यंत्राने राउटरकडे आपोआप वाट मागायची सोय) जवळच्या राउटरला दार उघडायला लावतो, पण पलीकडच्या राउटरला त्याची खबरच नसते. डबा क्लायंट मोडवर आणला आणि मुख्य राउटरमध्ये यूपीएनपी चालू ठेवलं की हा गुंता सुटतो.

लॅपटॉपवर सगळं नीट दिसलं की तीच केबल कन्सोलला लावा. सेटिंग्ज, नेटवर्क, सेट अप इंटरनेट कनेक्शन, यूज अ लॅन केबल, ईझी. नंतर टेस्ट इंटरनेट कनेक्शन. नॅट टाइप २ आला म्हणजे घरी वापरायला जे हवं ते मिळालं. टाइप १च्या मागे लागू नका. ३ आला तर मात्र वरचा नॅटचा परिच्छेद पुन्हा वाचा.

डब्याला वीज कन्सोलच्या यूएसबीतून देण्याचा मोह होतो, एक चार्जर वाचतो म्हणून. पण कन्सोल बंद झाला की डबाही बंद होतो, आणि पुढच्या वेळी कन्सोल डब्याच्या आधी जागा होऊन ‘केबल जोडलेली नाही’ म्हणतो. फोनचा जुना ५ व्होल्ट, २ अँपियरचा चार्जर वेगळा लावा.

जागेचं म्हणाल, तर ५ गिगाहर्ट्झ लवकर थकतं. सगळं सारखं धरलं तर त्याच अंतरावर पकडलेली ताकद २.४च्या सुमारे एक पंचमांश असते, आणि भिंतीत ते अधिक शोषलं जातं. विटांची एक भिंत चालते, आरसीसीचा खांब आडवा आला की कठीण, आणि लोखंडी कपाट किंवा आरशाचा वॉर्डरोब म्हणजे पडदाच. टीव्हीच्या पाठीमागे, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर डबा लपवू नका; एक-दोन मीटरची केबल लावून तो टीव्ही युनिटच्या वर, दाराकडे तोंड करून ठेवा. डब्याच्या पानावर सिग्नलचा आकडा असतो, उणे डीबीएममध्ये. उणे ५० झकास, उणे ६५ पर्यंत निर्धास्त, उणे ७५ म्हणजे जागा बदला. दर १० डीबीला ताकद दहापट घटते, त्यामुळे एक हात डावीकडे सरकवल्याने खरोखर फरक पडतो. ५ गिगाहर्ट्झची लहर पाच-सहा सेंटिमीटरची. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात त्या जागा साधारण त्याच्या निम्म्या अंतराने बदलतात.

हॉलमध्ये मध्यावर रिपीटर ठेवणं हा उपाय नव्हे. साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि तेच परत बोलतो, म्हणजे प्रत्येक पाकिटाला रांगेत दोनदा उभं करतो. एक्स्टेंडरच क्लायंट म्हणून वापरत असाल तर त्याचं स्वतःचं वायफाय बंद करा.

तपासणीला स्पीड टेस्ट नको. अडॅप्टरच्या केबलवर लॅपटॉप लावून मुख्य राउटरला २०० वेळा पिंग करा (म्हणजे छोटं पाकीट पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजा). सरासरी २ ते ५ मिलिसेकंद, सर्वांत मोठा आकडा २०च्या आत, हरवलेलं पाकीट एकही नाही: जमलं. फोनवरून हीच तपासणी करू नका. फोन वीज वाचवायला झोपतो आणि राउटरच्या पुढच्या हाकेला, जी साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येते, जागा होतो. तिथे शंभरचे आकडे दिसून उगाच घाबरायला होतं.

राउटरपर्यंतचा पिंग स्वच्छ आहे आणि खेळ तरी बिघडतो, तर दोष पुढे आहे. सिंगापूरचा सर्व्हर मुंबईपासून जवळजवळ चार हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा जाऊन यायला ४० मिलिसेकंद लागणारच, प्रत्यक्षात तार वळसे घेते म्हणून अधिक. गेममध्ये मुंबईचा सर्व्हर निवडता येत असेल तर निवडा. रात्री ठरावीक वेळीच त्रास होत असेल तर घरातल्या फोनांचे फोटो-व्हिडिओ तेव्हाच बॅकअपला चढतात का ते बघा. अपलोड तुंबलं की खेळाची पाकिटंही त्याच्यामागे अडकतात. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा लाइनच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. आणि राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला दिसला, तर दुसरं नॅट तुमच्या डब्यात नसून कंपनीकडे आहे. तिथे डबा बदलून उपयोग नाही. कंपनीला फोन करून पब्लिक आयपी (फक्त तुमच्यासाठीचा बाहेरचा पत्ता) मागा, बहुतेक ठिकाणी त्याचे महिन्याला थोडे जास्त पैसे पडतात.